दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

सांताक्रूझ (पूर्व)
२ सप्टेंबर १९८५

श्री. चंद्रप्रकाश परब यांस,

पंचवीस तारखेच्या रविवारी आपण आमच्या घरी आलात. माझ्या मुलीशी, अनुपमाशी, लग्न करायचं आहे असं सांगितलंत. शिक्षण विचारल्यावर 'कॉमर्सचं दुसरं वर्ष, अर्धं' म्हणालात. मी 'म्हणजे अर्धवट' म्हणालो. त्यावर आपण हातातला कप असा काही आदळलात की बशीचे दोन तुकडे झाले, आणि आपण जिना उतरून गेलात. बशीबद्दल माझं काही म्हणणं नाही. सहा होत्या, पाच राहिल्या.

पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. माझी एक रेकॉर्ड जागेवर नाही. डेल हार्किन्स नावाच्या अमेरिकन गायकाची आहे, 'अ चेअर फॉर कोरा'. कव्हरवर रिकाम्या लाकडी खुर्चीचं चित्र आहे. सगळं घर उपसून झाल्यावर अनुपमाने सांगितलं की ती आपल्याकडे आहे.

ती परत करावी. आपण वर येण्याची गरज नाही. खाली वॉचमनकडे ठेवलीत तरी मिळेल.

श्यामसुंदर विजयकर

*

मुलुंड
५ सप्टेंबर १९८५

विजयकरसाहेब,

पत्राच्या वर काय लिहितात ते मला शाळेत शिकवलं होतं, पण 'पूज्य' लिहिलं तर तुम्हाला खोटं वाटेल आणि 'प्रिय' लिहिलं तर तुम्ही पत्र फाडाल. म्हणून नुसतं साहेब.

रेकॉर्ड मी ढापलेली नाही. अंधेरी स्टेशनजवळ माझ्या चुलतभावाचं, दादूचं, कॅसेट भरून द्यायचं दुकान आहे. मी तिथं कामाला असतो. लोक रेकॉर्ड आणतात, आम्ही कॅसेट भरून देतो. अनुपमा कॉलेजच्या गॅदरिंगच्या नाचाची कॅसेट भरायला आली होती, तिथंच आमची ओळख. हेही तिनं तुम्हाला सांगितलं नसणार. तुमची रेकॉर्ड झिजत चाललीय, म्हणून तुमच्या वाढदिवसाला तिची कॅसेट द्यायची असं तिच्या मनात होतं. त्या रविवारच्या दोन दिवस आधी ती दुकानात देऊन गेली. म्हणजे मी तुमच्याकडे चहा पीत होतो तेव्हा तुमची रेकॉर्ड आमच्या कपाटात होती. मी सांगणार होतो. तुम्ही सांगायची वेळ कुठं येऊ दिलीत?

मी अनुपमाला शब्द दिलाय की कॅसेट भरून देईन. ती भरल्याशिवाय रेकॉर्ड देणार नाही. पोलिसात जायचं तर जा. दादूचा मेव्हणा हवालदार आहे.

आणि अर्धवट म्हणालात त्याचं. माझे बाबा गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडली नाही, आता ते इथल्याच एका कारखान्यात रखवालदार आहेत. कॉलेजात एक सर फीच्या वेळी भर वर्गात म्हणाले, 'परब, बाप झेंडे नाचवतो आणि मुलगा सवलत मागतो.' मी हजेरीपुस्तक खिडकीतून खाली टाकलं. माफी मागायला सांगितली, मी नाही मागितली. संपलं कॉलेज. हे तुम्ही विचारलं असतंत तर बशी वाचली असती.

चंद्रप्रकाश परब

*

सांताक्रूझ (पूर्व)
९ सप्टेंबर १९८५

श्री. परब,

पोलिसात जाण्याचा माझा विचार नव्हता. हवालदारांना त्रास देऊ नका.

आपल्या सरांनी जे म्हटलं ते म्हणायला नको होतं. अर्धवट हा शब्द मात्र मी मागे घेत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कॅसेट भरायला हरकत नाही. मुलीने मनात आणलं आहे तर होऊ द्या. रेकॉर्ड कडांनी धरावी, बोटं मध्ये लावू नयेत. उन्हात ठेवू नये. मी विमानतळावर माल उतरवण्याच्या ऑफिसात होतो, तेव्हा एक अमेरिकन इंजिनीअर मायदेशी जाताना सामानाचं वजन कमी करण्यासाठी ती मला देऊन गेला. हा गायक आम्हाला माहीत नव्हता. माझ्या पत्नीला, कुंदाला, इंग्रजीही बेताचं येत असे. तरी दर रविवारी चार वाजता चहाबरोबर ती रेकॉर्ड लागायची. कुंदाला जाऊन तीन वर्षं झाली. रेकॉर्ड अजून लागते.

एक गोष्ट आपल्याला आधीच माहीत असलेली बरी. दिवाळीनंतर अनुपमा नागपूरला मावशीकडे जाईल. तिथे एका मुलाकडची मंडळी येणार आहेत. मुलगा इंजिनीअर आहे. तोवर आपण तिला भेटू नये अशी अपेक्षा आहे.

श्यामसुंदर विजयकर

*

मुलुंड
३० सप्टेंबर १९८५

साहेब,

उशीर झाला. गणपतीत आरत्यांच्या कॅसेटसाठी दुकानासमोर रांग होती, काल दादूनं पहिली सुट्टी दिली. रेकॉर्ड आणि कॅसेट आज तुमच्या वॉचमनकडे ठेवून आलोय. वर आलो नाही. जिन्याकडे बघितलंसुद्धा नाही. नागपूरचं वाचून काय झालं ते लिहीत नाही. लिहिलं तर कागद फाटेल.

भांडणाचं बाजूला ठेवून एक सांगू का? कॅसेट भरताना पूर्ण रेकॉर्ड ऐकावी लागते, घाई करता येत नाही. दिवसभर मी ऐकतो पण माझ्या कानात काही शिरत नाही. हा माणूस शिरला. ओरडत नाही, रडत नाही. शेजारी बसून सांगितल्यासारखं गातो. बायको गेलेली आहे, मेली की सोडून गेली ते कुठंच सांगत नाही, आणि हा रोज दोन माणसांचं जेवण वाढतो. मध्ये ती स्टीलची गिटार कशी तार ओढल्यासारखी वाजते ना, तिथं मला घसा खाकरावा लागला. दादू म्हणाला, 'सर्दी झाली काय रे?' म्हटलं, हो.

मग मी एक कॅसेट घरी नेली, तुमची नव्हे, जादा भरलेली. बाबा रात्रपाळी करून आले होते, भिंतीकडे तोंड करून पडले होते. संपानंतर ते असेच असतात. गाणं लावलं. थोड्या वेळानं भिंतीकडूनच म्हणाले, 'ह्यो खंयचो रे?' म्हटलं अमेरिकेचा. म्हणाले, 'आमच्या गावच्या भजनीबुवासारखो गाता. परत लाय बघू.' साहेब, तीन वर्षांत बाबांनी कुठल्याही गोष्टीला 'परत' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बघायला आली. तुमची रेकॉर्ड आमच्याकडे चुकून आली, पण आली हे बरं झालं. त्याबद्दल तुमचे आभार. हे मी मनापासून लिहितोय.

काम झकास झालंय. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात मोठा चरा होता. 'आय'ल गेट द डोअर' ही ओळ आली की सुई अडकायची आणि तो तेच म्हणत राहायचा, उघडतो दार, उघडतो दार. मी सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवलं आणि हलकं बोट लावलं. एकदम साफ गेली. आता कुठं अडकत नाही. दोन गाण्यांमधली खरखर पण काढली. टेप उरली तिथं नवीन सिनेमांची गाणी भरलीत, त्याचे वेगळे पैसे नाहीत. टेप रिकामी सोडायची नाही असा दादूचा नियम आहे.

चंद्रप्रकाश

*

सांताक्रूझ (पूर्व)
५ ऑक्टोबर १९८५

श्री. चंद्रप्रकाश,

रेकॉर्ड सुखरूप मिळाली. कॅसेटही मिळाली. आपल्या वडिलांना गाणी आवडली हे वाचून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

कॅसेटचं काम समाधानकारक नाही. पहिली बाजू संपते न संपते तोच एक बाई ढोलताशासकट किंचाळते. मी दचकलो. चहा सांडला. दोन गाण्यांच्या मधला वेळ आपण खाऊन टाकलात, त्यामुळे एकामागून एक नुसती गर्दी वाटते. आणि दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं आमच्या रेकॉर्डसारखं नाही.

ही कॅसेट मी वापरणार नाही. आपण मेहनत केलीत याची जाणीव आहे.

श्यामसुंदर विजयकर

चंदू, बाबांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली जागा आहे तेवढ्यात लिहिते. चिडू नकोस. आधी पूर्ण वाच, मग काय फोडायचं ते फोड.

ते गाणं अडकायचं ना, ते मी पाच वर्षांची असताना झालं. मी त्या रेकॉर्डवर भातुकलीची चूल मांडली होती. तेव्हापासून दर रविवारी ती ओळ आली की अडकायची, आणि तिघांतल्या कुणीतरी उठून सुई ढकलायची. कुणी उठायचं यावरून आमच्याकडे दर रविवारी भांडण. आई म्हणायची, 'अहो, तो केव्हाचा दार उघडतो म्हणतोय, तुम्ही तरी उठा.' आई गेल्यापासून कायम बाबाच उठतात. मला उठू देत नाहीत.

काल तुझी कॅसेट लावली. ती ओळ यायच्या आधीच बाबा सवयीनं खुर्चीतून उठले. आणि गाणं सरळ पुढं गेलं. ते खोलीच्या मधोमध तसेच उभे राहिले. गाणं संपेपर्यंत. मग म्हणाले, 'बिघडवलं गं यानं.'

हे त्यांनी तुला लिहिलं नसतं. अनू.

*

मुलुंड
८ ऑक्टोबर १९८५

काका,

हात आपोआप 'काका' लिहून गेला. खोडत नाही.

तुमचं पत्र अर्धं वाचलं आणि डोकं फिरलं. असलं काम अख्ख्या अंधेरीत कुणी करून देणार नाही आणि हा माणूस चहा सांडल्याचं सांगतोय, असं आईला म्हणालोसुद्धा. मग खालचं वाचलं. अनूवर रागावू नका. तिनं लिहिलं नसतं तर मी तुम्हाला फार वाईट उत्तर पाठवलं असतं आणि मग आयुष्यभर स्वतःला शहाणा समजलो असतो.

मला चरा दिसला की तो घालवायचा एवढंच येतं. गिऱ्हाईक त्यासाठीच येतं. त्या चऱ्याचीच कुणाला गरज असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, दादूच्या तर बापजन्मी येणार नाही. काल दुकानात एक म्हातारे गृहस्थ जुनी तबकडी घेऊन आले. मी पहिल्यांदाच विचारलं, 'यातलं काय ठेवायचंय?'  ते बसून अर्धा तास बोलले. हे तुमच्यामुळं झालं. धन्यवाद.

ते अडकणं, त्यातून आपण काय शिकायचं, माझं कॉलेजही तसंच अडकलंय, असं काहीतरी मी इथं लिहिलं होतं. मग तुम्ही वाचताना कसं तोंड कराल ते दिसलं आणि खोडलं. चरा आहे तो चराच आहे.

कॅसेट परत भरून देतो, पण दुकानात नाही होणार. दुकानात सुई अडकली की मीच उठणार, दादूच्या स्टुलावरून. ते पाय तुमच्या घरातले नाहीत. तुमच्याकडे येऊन, तुमच्याच प्लेयरवर, खोलीत माईक ठेवून भरायला हवी. प्लेयरला तार जोडून भरली तर नुसतं गाणं येतं. माईकनं भरली तर खोली येते, तुमच्या डोक्यावरून जाणारी विमानंसुद्धा येतील. आवाज जरा पडेल. चालेल का?

नागपूरबद्दल काही विचारत नाही. फक्त कॅसेटबद्दल विचारतोय. शपथ.

चंदू

*

सांताक्रूझ (पूर्व)
१२ ऑक्टोबर १९८५

चि. चंद्रप्रकाश,

वीस तारखेच्या रविवारी चारच्या आधी या. मशीन घेऊन या. विमानं आली तर येऊ देत, ती आधीपासूनच आहेत.

तुम्हाला चहा स्टीलच्या पेल्यातून मिळेल.

श्यामसुंदर विजयकर

*

मुलुंड
२२ ऑक्टोबर १९८५

काका,

कॅसेट उद्या पोस्टानं पाठवतो. कापडात बांधून ठेवलीय. त्याआधी हे पत्र मिळावं म्हणून आज टाकतो.

रविवारी मी तुमच्याकडून निघालो तेव्हा तुम्हाला धड नमस्कारसुद्धा केला नाही. तुम्हाला वाटलं असेल, पुन्हा चिडून गेला. तसं नव्हतं. जिन्यात बसलो होतो थोडा वेळ. तुमच्या वॉचमननं विचारलं, 'चक्कर आली का?' म्हटलं, हो. मला काही झालं की लोकांना तब्येतीचंच वाटतं.

काल दुकानात कॅसेट तपासायला लावली. काय काय आलंय ते सांगतो. सुरुवातीला खुर्ची सरकवल्याचा आवाज. मी टॉवेलची घडी करून माईकखाली ठेवत होतो तेव्हा अनू म्हणतेय, 'अरे तो बाबांचा अंगाचा आहे.' मग गाणी. पहिल्या बाजूच्या शेवटी एक विमान अगदी डोक्यावरून गेलंय, हार्किन्स बिचारा त्याच्याखाली गातोय, पण थांबत नाही. गाण्यांच्या मधली खरखर जशीच्या तशी आहे. त्यात पेला टेकवल्याचा आवाज येतो, तो माझा. हळूच टेकवलाय, ऐकून बघा.

मग दुसरी बाजू, तिसरं गाणं.

मी तेव्हा खाली सतरंजीवर बसलो होतो, हेडफोन लावून, मशीनचा काटा बघत. ओळ आली आणि अडकली. आय'ल गेट द डोअर. आय'ल गेट द डोअर. मी ठरवूनच आलो होतो की या वेळी बोटसुद्धा लावायचं नाही. तुम्ही उठाल, तुमचे पाय टेपवर येतील, यासाठी तर सगळा खटाटोप. तुम्ही उठला नाहीत. अनू छताकडे बघत होती. मी मनात म्हटलं, काका विसरले की काय. कॅसेटवर पुढचं सगळं स्पष्ट आलंय.

अनू म्हणते, 'बाबा, गुडघा दुखतोय का?'

तुम्ही म्हणता, 'हो.'

'मग मी उठते.'

'तू बस.'

तो मधल्या मध्ये दार उघडतो, दार उघडतो म्हणतोच आहे. मग तुमचा आवाज. 'अरे ए, ऊठ की. किती ताटकळत ठेवणार आहेस त्याला? घरातल्या माणसानं उठायचं असतं.'

त्यानंतर जो धप्प आवाज येतो तो हेडफोनचा. वायर गळ्यात होती हे विसरून मी उठलो. अनूचं हसणं आलंय, तुमचंही आलंय, तुम्ही नाही म्हणालात तरी. मग चार पावलं आणि सुई पुढं जाते.

दादूनं हे ऐकलं. म्हणाला, 'येडा झालास काय? मधली बडबड पूस, गिऱ्हाईक बोंब मारेल. आणि मागं टेप किती रिकामी सोडलीस.' मी म्हटलं, ती रिकामी नाही, त्यात ते चहा पितायत. आणि ती बडबड म्हणजेच माल आहे, त्याच्या आजूबाजूला गाणी आहेत. दादू आता गिऱ्हाइकांना सांगतो, पोराचं डोकं गेलंय.

काका, मला घरातून काढणारी माणसं खूप भेटली. काही वेळा चूक त्यांची होती, बऱ्याचदा माझी. बसलेल्याला 'ऊठ' म्हणून आत घेणारा माणूस पहिल्यांदा भेटला. आभार कसे मानायचे ते मला नीट येत नाही, भांडायचं तेवढं येतं. तरी मानतो.

बाबांना जादा भरलेली ही कॅसेट ऐकवली. त्यांना बोलणं सगळं कळलं. आईला म्हणाले, 'ह्या झिलाक पेटीतलो माझो तो शर्ट दी, रविवारी जाताना घालीत.' गिरणीत बोनस मिळाला त्या वर्षी शिवलेला तो शर्ट आहे. मला खांद्यात सैल होतो. घालणार आहे.

कॉलेजचं तुम्ही रविवारी विचारलं नाहीत. मुद्दाम विचारलं नाहीत हे मला कळलं. म्हणून मीच सांगतो. जूनमध्ये परत नाव घालून बघतो. त्या सरांना भेटावं लागेल. वचन देत नाही, वचन दिलं की मी ते मोडायची कारणं शोधत बसतो. पण बघतो.

तुमचा
चंदू

*

सांताक्रूझ (पूर्व)
१६ नोव्हेंबर १९८५

चि. चंदू,

कॅसेट ऐकली. माझा आवाज इतका चिरका आहे हे कुंदाने इतक्या वर्षांत सांगितलं नाही. मी हसलेलो नाही, तो खोकला आहे.

गुडघा दुखत नव्हता.

भाऊबीजेला नागपूरहून मावशी आली होती. तिने जायची तारीख विचारली. अनुपमाने कॅसेट लावली, दुसरी बाजू. मावशीला इंग्रजी गाणी आवडत नाहीत, पण मधलं मराठी तिला समजलं. तारीख ठरली नाही.

त्या सरांना भेटायला जाशील तेव्हा मला सांग, मी बरोबर येईन. बोलायचं तूच. मी बाहेर बाकावर बसेन. खिडकीच्या बाजूला मात्र तुला उभं करणार नाही.

रविवारी चारला ये. वडिलांना आणि आईला घेऊन ये, रेकॉर्डच ऐकू या, कॅसेट नको. पाच बशा कुंदाच्या आहेत, त्या तशाच ठेवल्या आहेत. तुझ्यासाठी एक नवीन आणली. नक्षी जुळत नाही. पेला मोलकरणीला देऊन टाकला.

श्यामसुंदरकाका